हैदराबाद ते ढाबळ

"...आन् हैदराबाद हितनं किती लांब म्हनलास?"

हा प्रश्न कोल्हापुरात दस्तगीर वस्तादांनी खरोखर विचारला. शपथेवर सांगतो, माझ्या कानांनी ऐकला. म्हणजे, कान दुसऱ्याचे होते. पण माणूस भरवशाचा.

विचारला तो सर्जेरावाला. वस्तादांच्या गच्चीवर त्याने आठ वर्षं कबुतरं उडवली. उडण्याचं वेड तिथंच लागलं, आणि आता तो विमान उडवतो. बावीस वर्षांपूर्वी "सहा महिन्यांत येतो" म्हणून गेला होता.

आज आला होता. कबुतरांच्या ढाबळीच्या दाराबाहेर उभा. पायात चकचकीत बूट, नजर मनगटावर. वस्ताद आत, कबुतरांच्या गराड्यात.

"विमानतळ ते विमानतळ साडेचारशे किलोमीटर, वस्ताद. एक तास दहा मिनिटं!"

"आपल्या चांदणीला सात तास लागलं हुतं."

"तेच तर! आता तरी शाबास म्हणा की. एवढ्यासाठी आलोय."

वस्ताद कबुतरांचं पाणी बदलू लागले.

आतून ज्वारीचा, पिसांचा, चुन्याचा तोच वास आला. सर्जेरावाच्या डोळ्यांपुढे ती जुनी कबुतरी, चांदणी, उभी राहिली. शर्यतीत हैदराबादेहून सोडलेली, सगळ्यांच्या आधी पोचलेली, आणि ढाबळीच्या कौलावर खुशाल बसून राहिलेली. "आली, आली!" म्हणून तो नाचला होता. वस्ताद एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने दाण्यांचा डबा खुळखुळवत राहिले. पाऊण तासाने ती आत शिरली, तेव्हा कुठे घड्याळ थांबलं. शर्यत गेली ती गेलीच. सर्जा ढसाढसा रडला.

"कौलावर बसली म्हंजे आली न्हवं, सर्ज्या," एवढंच वस्ताद म्हणाले होते.

"आत ये की. च्या घे," आता वस्ताद म्हणाले.

"नको, चारचं उड्डाण आहे. इथूनच नमस्कार. पुढच्या खेपेला नक्की."

एवढ्यात एक पांढरं कबूतर भुर्रकन आलं आणि थेट त्याच्या टोपीवर बसलं.

वस्तादांनी मान वर केली नाही. कोनाड्यातला डबा घेतला. खुळखुळवला.

सर्जेराव हसला. मग हसू विरलं.

"वस्ताद... आलोय की मी. हा काय, समोर उभाय."

डबा खुळखुळतच राहिला.

सर्जेरावाने मनगटावरची नजर काढली. खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला...

आता कबूल करतो. टोपीवर कबूतर बसलं नव्हतं, ते पदरचं. आणि नाडीही पदरचीच. तोवर तरी तो वाकला नव्हता, नुसता उभा होता. वस्तादांनी बंडीच्या खिशातून ते जुनं घड्याळ काढून कानाला लावलं, हे मात्र अगदी खरं.

"बावीस वर्सं झाली, सर्ज्या," ते म्हणाले. "अजून चालूच हाय."