एकही तक्रार नाही

"आणि तक्रारी किती आल्या?" अप्पांनी विचारलं.

"एकही नाही, अप्पा."

हे सांगताना शांभवीची मान जरा ताठच झाली.

बालाघाटाच्या डोंगरातल्या या मठात ती लहानपणी मठ चालवणाऱ्या अप्पांपुढे अक्षरं गिरवायला बसायची. आता पुण्यात संगणकाचं काम करत होती. इंटरनेटचा कारभार पाहणाऱ्या एका जागतिक मंडळावर साध्या वापरणाऱ्यांतून पाच जण निवडून जायचे होते, आणि मतदारांची नोंदणी तिनं बांधलेल्या साइटवर झाली होती. नोंदणी निर्दोष झाली, असं पत्र आज दुपारी दोनच्या आत तिच्या सहीनं जायचं होतं.

घरातून निघताना गॅस तीनदा तपासणारी बाई, पण या पत्राबद्दल तिला मुळीच शंका नव्हती. मग काल आठ तास एसटीत बसून ती इथं कशाला आली, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"सगळ्यांना नाव घालता आलं?"

"शेवटचे तीन दिवस साइट जरा... दमली होती. गर्दीच तेवढी झाली. पण कुणाची अडचण झाली असती तर कळलं असतं ना! तक्रारपेटी ठेवलीय मी."

"कुठं?"

"साइटवरच. नाव नोंदवलं की उघडते."

अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

पंगत उठली होती. मठाचा रिवाज असा, की भांडी झाकण्याआधी कुणीतरी फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे हाक मारायची, जेवायचं कुणी राहिलंय का? त्यानंतरच हाक मारणाऱ्यानं पानावर बसायचं.

"आज हाक मी मारतो," अप्पा म्हणाले.

स्वयंपाकीण इंदरबाईनं त्यांच्या चपला पुढं सरकवल्या. अप्पांनी त्या घातल्याच नाहीत. त्यांनी मठाचं दार लावलं, आतून कडी घातली. काठी टेकत चुलीपाशी आले, आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आत वाकून हळूच विचारलं,

"जेवायचं कुणी राहिलंय का?"

...

"कुणीच नाही. सगळे जेवले. ये माय, पान घे."

इंदरबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगं बाई! अप्पा, उपाशी माणूस पातेल्यात कशाला बसेल?"

शांभवीलाही हसू फुटलं. ती पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

"अप्पा..."

"हं?"

"माझी तक्रारपेटीही आतच आहे."

अप्पांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"पण आता पुन्हा नोंदणी उघडायची, म्हणजे चूक माझी होती असं लिहून द्यावं लागेल. जगभर वाचतील हो!"

अप्पा आमटीचा वास घेत उभे राहिले.

तिनं फोन काढून मंडळाला लिहिलं. नोंदणी नीट झालेली नाही. पुन्हा उघडा. चूक माझी. सकाळी लिहून ठेवलेलं पत्र तिनं अकरा वेळा वाचलं होतं. हे एकदाही वाचलं नाही. पाठवून दिलं, आणि कुणी न सांगताच जाऊन दाराची कडी काढली.

फाटकाबाहेर ऊन मी म्हणत होतं. तिनं हाक मारली. पहिली तर तिची तिलाच ऐकू आली नाही. दुसरी मारली.

"जेवायचं कुणी राहिलंय का?"

"हाय की! आम्ही हाव!"

रस्त्याच्या कडेला इंटरनेटच्या केबलसाठी चर खणायचं काम चाललं होतं. त्या चरातून एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग लाल मातीनं माखलेल्या चार बाया, हसत. मग डोकी वर येतच राहिली.

शांभवीनं डोकी मोजायला घेतली आणि सोडून दिली. ती धावत मागं फिरली.

"अप्पा! एवढे सगळे एकदम आले तर पुरायचं कसं?"

अप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"तू हाक मार, माय. आमटी पातळ होते."