कडू दुधीची चकती

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात नऊ वर्षांची एक राजकन्या होती. एकुलती एक, आईविना वाढलेली, आणि म्हणून जरा जास्तच लाडावलेली.

एकदा शेजारच्या राज्याची राणी पाहुणी आली. जेवताना तिने राजकन्येला सहज विचारलं, "काय गं, हा दुधी कुठे लागतो?"

"कोठीघरात," राजकन्या ठसक्यात म्हणाली. "मोठ्या पाटीत!"

सगळी पंगत खो खो हसली. राजाही हसला, पण हात धुताना त्याचा चेहरा उतरला होता. उद्या जिने राज्य चालवायचं, तिला आपल्या ताटातला घास कुठून येतो हेही ठाऊक नसावं? त्याने परसबागेतल्या म्हाताऱ्या माळिणीला बोलावलं.

"मावशी, हिच्याकडून दुधीचा एक वेल लावून घ्या. पाणीही तीच घालेल. वैशाखात माझा वाढदिवस आहे. तेव्हा याच पाहुण्यांच्या पानात हिने पिकवलेली भाजी पडली पाहिजे."

माळिणीने आळं कसं करायचं, बी किती खोल टोचायचं, सगळं दाखवलं. मग राजकन्येला समोर बसवून ती म्हणाली, "ताईसाहेब, आता नीट ऐका. भर उन्हाळ्यात वेलाला तहानलेला ठेवलात, तर कधी कधी दुधी कडू निघतो. आणि कडू दुधी म्हणजे विष. गूळ घाला, तूप घाला, शिजवून लगदा करा, ते जात नाही. माझा थोरला दीर गेला त्यानं. म्हणून दुधी तोडला की देठाकडची एक चकती कापायची, जिभेला लावायची आणि थुंकून टाकायची. ज्यानं वेल लावला, त्यानंच चाखायचं."

"तुम्ही नाही चाखत?"

"तापात माझ्या जिभेची चव गेली, बाई. गूळ काय नि कारलं काय, मला सगळं सारखंच. आता तुमची जीभ तीच माझी."

बी रुजलं. दोन पानं वर आली तेव्हा राजकन्या भर दरबारात धावत गेली आणि वडिलांना हाताला धरून बागेत घेऊन आली. पुढे वेल मांडवावर चढला, पांढरी फुलं आली, बोटाएवढा दुधी धरला. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं असं माळिणीने सांगितलं होतं, म्हणून ती बोट मुडपूनच सगळ्यांना दुधी दाखवी. पाण्याचा तांब्या तर तिने कुणा दासीला शिवूही दिला नाही.

मग चैत्राच्या शेवटी तिच्या मैत्रिणींनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. आता लग्न म्हटलं की साखरपुडा आला, हळद आली, वरात आली, रुसवेफुगवे आले. माळीण त्याच दिवसांत आमराईत आंबे उतरवायला गेली होती. सहा दिवस परसबागेकडे कुणी फिरकलं नाही, आणि ऊन तर असं, की दगडालाही तहान लागावी.

सातव्या दिवशी राजकन्येला वेल आठवला. ती पळत गेली. पानं करपून लोंबत होती, दुधी मलूल पडला होता. तिने रडत रडत घागरीमागून घागर ओतली. चार दिवसांत वेल सावरला आणि दुधीही छान तुकतुकीत झाला. झाल्या प्रकाराची खूणसुद्धा उरली नाही.

माळीण परतली. वेलाकडे बघून तिने विचारलं, "पाणी रोज घातलंत ना, ताईसाहेब?"

"घातलं की," राजकन्या म्हणाली.

झालं. एवढंसं खोटं. आपण मोठी माणसं दिवसातून दहादा बोलतो, तेवढंच.

वाढदिवसाची सकाळ उजाडली. दुधी तोडायला सगळे परसबागेत जमले होते. शेजारची राणी होती, आचारी होते, मैत्रिणी होत्या. माळिणीने चकती कापून राजकन्येच्या हातात दिली. तिने ती जिभेला लावली.

कडू. कडूजहर.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. कडू आहे म्हटलं तर माळीण विचारणार, पाणी चुकलं का? मग तेव्हाचं खोटं बाहेर येणार, आणि शेजारची राणी पुन्हा हसणार. तिने चकती थुंकली आणि ओठ पुसले.

"गोड आहे," ती म्हणाली.

माळिणीने दुधी आचाऱ्याच्या हाती दिला. एका शब्दानेही तिने शंका घेतली नाही.

राजकन्या मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत हरभऱ्याची डाळ शिजत होती. दुधीच्या फोडी पडल्या, गूळ पडला, वरून तूप पडलं. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता कडूपणा गेला असेल. आणि प्रत्येक वेळी माळिणीचा थोरला दीर आठवे, ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

शेवटी तिला राहवेना. ती आचाऱ्याला म्हणाली, "काका, जरा चव बघा ना भाजीची."

आचाऱ्याने कानाला हात लावला. "नैवेद्याआधी चव? देवाला उष्टं दाखवू का मी? भलतंच काहीतरी!"

तेव्हा तिला कळलं, की सकाळी जी जीभ चकतीला लागली तिच्याखेरीज आता कुणाचीच जीभ त्या भाजीला लागणार नव्हती. लागणार होती ती थेट पंगतीत.

पानं मांडली गेली. राजाने मुद्दाम माळिणीचंही पान पंगतीत मांडायला लावलं होतं. ती बिचारी संकोचून कडेला बसली होती आणि पदराने डोळे टिपत होती. नैवेद्य झाला, वाढप झालं, राजाच्या वाटीत भाजी पडली.

"आबासाहेब," राजकन्या त्याच्या कानाशी लागली, "कडू असली तर?"

राजा मोठ्याने हसला. "माझ्या लेकीनं पिकवलीय! कडू असली तरी वाटी चाटूनपुसून खाईन."

आणि राजा खरंच खाणार होता. तोंड वेडंवाकडं न करता, लेकीला वाईट वाटू नये म्हणून, अगदी शेवटच्या फोडीपर्यंत. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तिने पंगतीच्या टोकाला पाहिलं. माळिणीने आपली वाटी जवळ ओढली होती. तीही खाणार होती, आणि तिला तर कडू लागणारही नव्हतं.

राजाने घास उचलला.

"खाऊ नका!" राजकन्या किंचाळली. तिने वडिलांच्या हातावर फटका मारला. घास उडाला, वाटी लवंडली. "कुणी खाऊ नका! कडू आहे! मी सकाळीच चाखलं होतं. मी सहा दिवस पाणी घातलं नव्हतं. मी खोटं बोलले."

पंगतीतले सगळे हात जागीच थांबले. शेजारची राणी हसली नाही. तिने आपली वाटी हळूच पानाबाहेर सरकवून ठेवली.

राजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बोलायच्या आधी माळीण बोलली, तीही अगदी हळू आवाजात.

"ताईसाहेब, मला तर कळलंच नसतं हो."

राजकन्या तिच्या कुशीत शिरून रडली. ते रडणं शेजारच्या राणीच्या हसण्याच्या भीतीचं नव्हतं.

भाजी खड्ड्यात पुरली गेली. राजाच्या वाढदिवसाला पाहुण्यांनी वरणभात खाल्ला. राजाने लेकीला शिक्षा केली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी माळिणीने नवं बी तिच्या हातावर ठेवलं, आणि राजकन्येने मुकाट्याने नवं आळं खणलं. त्या वेलाचं पाणी एकदाही चुकलं नाही. त्याचा पहिला दुधी तिने चाखला आणि "गोड आहे" म्हणाली, तेव्हा माळिणीने पुन्हा एका शब्दानेही शंका घेतली नाही. विश्वास टाकणं त्या म्हातारीला जमत होतं. त्याचं ओझं केवढं असतं, हे आता राजकन्येला कळलं होतं.

पुढे ती राणी झाली. तिच्या राज्यात घरोघरी पोरंबाळं परसात एक तरी वेल लावत, आणि दुधी चुलीवर चढण्याआधी ज्याचा वेल त्याने चकती चाखून सांगायचं, असा रिवाज पडला. मूल काय सांगतं ते ऐकायला अख्खं घर थांबत असे.

तात्पर्य: पिकवणाऱ्याच्या शब्दावर विसंबून जग घास घेतं, म्हणून पिकवणाऱ्याने हाताइतकाच शब्दही स्वच्छ ठेवावा.