हरबाने चिठ्ठी उचलली

एका गावात एक भोळा माळी होता. हरबा त्याचं नाव. भोळा किती, तर 'जरा थांब' म्हटलं की कुणी 'आता चल' म्हणेपर्यंत तो तिथंच उभा. त्याची थोरली बहीण आक्का गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. सगळी शाळा शहाणी झाली, घरचा एकच विद्यार्थी राहिला.

ग्रामसभा होती. आक्का म्हणाली, "नुसता बसून राहू नकोस. सरपंचांनी विचारलं की हात वर कर."

हरबा पहिल्या रांगेत बसला. सरपंचांनी विचारलं, "चावडीपुढच्या नळाची तोटी कुणी मोडली?"

हरबाने हात वर केला. दोन्ही केले. संध्याकाळपर्यंत तो नवी तोटी बसवत होता.

आक्काने कपाळाला हात लावला. "अरे, आधी विचारावं. का, कशासाठी, कुणासाठी. लोकशाहीत प्रत्येकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे."

"हे बरंय," हरबा म्हणाला.

पुढच्या महिन्यात पंचायतीची निवडणूक लागली. हरबाच्या वॉर्डात दोघी उभ्या होत्या. कौसल्याकाकू म्हणायच्या, आधी शाळेचं छप्पर. द्वारकाबाई म्हणायच्या, आधी पाणी. चुरस अशी की मतदानाला आजारी माणसं खाटेवरून आली.

हरबाही आला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक बाई मत देत होती. हरबाने वरून डोकावलं. "वहिनी, कुणाला देताय? का देताय?"

पोलिसाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. आक्का धावत आली.

"हरबा, मत गुप्त असतं. इथं कुणी काही विचारलं तरी सांगायचं नाही."

"कुणीही?"

"कुणीही."

हरबा पुन्हा रांगेत उभा राहिला. टेबलापाशी कारकुनाने विचारलं, "नाव?"

हरबाने ओठ घट्ट मिटले.

"अहो, नाव सांगा."

"गुप्त आहे."

"मग ओळखपत्र तरी दाखवा."

"त्यावर नाव आहे," हरबा म्हणाला आणि खिसा दाबून धरला.

मागे रांग खोळंबली होती. पाच वाजता दार बंद झालं तेव्हाही हरबा गप्पच होता. मत राहिलं ते राहिलंच. पण आपण शेवटपर्यंत फुटलो नाही, याचा त्याला फार अभिमान वाटला.

मतमोजणी तालुक्याला झाली. कौसल्याकाकू दोनशे सात. द्वारकाबाई दोनशे सात.

आक्काने हरबाकडे पाहिलं. हरबा हसला.

अधिकारी म्हणाले, "समान मतं पडली. आता चिठ्ठी टाकायची. ती उचलायला असा माणूस द्या, जो दोन्हीकडचा नाही."

तालुक्याला लोटलेला अख्खा गाव एका सुरात म्हणाला, "हरबा."

आक्काने त्याला बाजूला घेतलं. छप्पर तिच्याच वर्गावरचं गळत होतं. तरी ती म्हणाली, "हे बघ, कुणाची बाजू घेऊ नकोस. दोघींना अगदी सारखं वागव."

"सारखं," हरबाने घोकलं.

अधिकाऱ्यांनी दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि हरबापुढे धरला. "एक उचल. माझ्याआधी ती कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

हरबाने डब्यात हात घातला. सगळ्यांच्या माना लांब झाल्या. त्याने चारी बाजूंना पाहिलं. इतके डोळे, चिठ्ठी लपवणार कुठं? त्याने ती तोंडात टाकली आणि गिळली.

कौसल्याकाकू मटकन खाली बसल्या.

"नाव काय होतं तिच्यावर?" अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

"मला वाचता येतं कुठं?"

अधिकारी मुरलेले होते. "हरकत नाही," ते म्हणाले. "डब्यात उरली ती हरलेल्या बाईंची. म्हणजे दुसऱ्या निवडून आल्या." त्यांनी डब्यात पाहिलं. मग डबा उपडा केला. "दुसरी चिठ्ठी कुठंय?"

हरबाचा एक गाल अजून फुगलेला होता. त्याने सावकाश आवंढा गिळला.

"दोघींना सारखं वागवायचं होतं, साहेब."

अधिकाऱ्यांनी निमूटपणे नवा कागद पुढे ओढला.

"साहेब," हरबा अदबीनं म्हणाला, "या खेपेला चिठ्ठ्या जरा लहान करा."