खोक्यावरची केतकी

त्या राज्यात प्रत्येकाला दोन चेहरे होते, एक मानेवरचा आणि एक खोक्यावरचा. खोक्यावरचा खरा मानला जाई आणि मानेवरचा चालवून घेतला जाई.

हे राज्य खेळण्यातल्या पुतळ्यांचे. राजे, सरदार, मल्ल, नर्तकी, वाजंत्री अशी सगळी मंडळी फळ्यांवर वस्ती करून राहत. जो तो ज्या खोक्यातून आला ते खोके पाठीशी उभे करून ठेवी, आणि त्यावर त्याचे चित्र असे. चित्रातल्या सरदाराची तलवार सरळ असे. पुढे उभ्या असलेल्या सरदाराची उन्हात राहिलेल्या काकडीसारखी वाकलेली. चित्रातल्या मल्लाची मिशी पिळदार असे. प्रत्यक्षातल्या मल्लाची मिशी रंगवताना घसरून हनुवटीवर आलेली. पण यात कोणाला गैर वाटत नसे. कोणी भेटायला आले की आधी खोक्याला नमस्कार करी, खोक्याची ख्यालीखुशाली विचारी आणि मग पुढच्याकडे वळून म्हणे, "आणि हे आपले असेच का?" तोही मान डोलावून म्हणे, "हो, आम्ही असेच." लग्ने खोकी पाहून ठरत. पुढे नवराबायको एकमेकांच्या खोक्याकडे तोंड करून बसत आणि संसार बरा चाले.

पूर्वी असे नव्हते. जुनी मंडळी त्या दिवसांना हातांचा काळ म्हणत. तेव्हा वरून लहान लहान हात येत. त्या हातांना गुळाचा आणि खडूच्या भुकटीचा वास असे. राजाला ते पाण्याच्या तांब्यात आंघोळ घालीत, मल्लाचे लग्न गायीशी लावून देत, सरदाराला ताप आला असे ठरवून उशीखाली झोपवीत. खोकी पलंगाखाली धूळ खात पडलेली असत, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. ते दिवस फार सुखाचे होते. त्यांची आठवण निघाली की अजून जीव कासावीस होतो, आणि हे सांगायला लाज कसली?

मग हात मोठे झाले. आधी ते रोज येत, मग सुट्टीत येऊ लागले, मग आलेच नाहीत. पुतळे वाट पाहून थकले. रिकामपणी कोणाला तरी सुचले म्हणून त्यांनी पलंगाखालची खोकी ओढून काढली, झटकली आणि आपण कसे असायला हवे होतो ते पहिल्यांदा पाहिले. तेव्हापासून त्या राज्यात कोणाला धड झोप लागली नाही.

त्यातूनच जुळणीची चाल पडली. वर्षातून एकदा दोन पंच फळीफळीवरून फिरत. एक भिंगबुवा, ज्यांना सगळेच मोठे दिसे आणि दुसऱ्याचे व्यंग जरा अधिकच मोठे. दुसऱ्या फूटपट्टीबाई, ज्या आयुष्यात कधी वाकल्या नव्हत्या. जो खोक्याशी जुळत नसे त्याने स्वतःला रंगवून, घासून, सरळ करून जुळवून घ्यायचे. नाहीच जमले तर त्याची रवानगी सगळ्यांत खालच्या खणात होई. तो खण बाहेरून बंद होई आणि आत गेलेल्याशी कोणाला बोलता येत नसे.

मधल्या फळीवर केतकी नावाची नर्तकी उभी असे. चित्रात तिची ओढणी वाऱ्यावर उडत होती. प्रत्यक्षात ती ओल्या पंच्यासारखी पाठीला चिकटली होती. एवढ्याकडे पंच कानाडोळा करीत. पण तिच्या डाव्या गालावरचा गुलाबी रंग गेला होता आणि तिथे एक पांढुरका, लांबट गोल उरला होता. नाचवताना तिला धरणारा अंगठा नेमका तिथे बसत असे.

तिच्या शेजारी हैबत नगारची. त्याची एक टिपरी अर्ध्यात मोडलेली होती. तरी तो दर वर्षी जुळणीतून सुटे, कारण चित्रात त्याची टिपरी वाजवण्याच्या वेगात धूसर आली होती आणि ती मूळची किती लांब हे पंचांना ठरवता येत नसे. हात यायचे थांबल्यापासून केतकी आणि हैबत रोज दुपारी त्याच गोष्टी बोलत. तांब्यातली आंघोळ, गायीच्या लग्नातल्या अक्षता, एकदा अंगणात विसरून राहिले होते तेव्हाची घाबरगुंडी. रोज तेच ते. पण कोणी कोणाला अडवत नसे.

त्या वर्षी भिंगबुवांनी केतकीच्या गालाला डोळा लावला आणि ते बराच वेळ हललेच नाहीत.

"झिजलाय," ते म्हणाले. "कशानं?"

"अंगठ्यानं," केतकी म्हणाली.

"कुणाच्या?"

"ते हात यायचे ना पूर्वी, त्यातल्या एका..."

"हातांच्या गोष्टी नकोत, बाई. तुमच्या चित्रात अंगठा आहे का?"

चित्रात अंगठा नव्हता. फूटपट्टीबाईंनी जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्यासारखे केले. परतीच्या फेरीपर्यंत गाल रंगवून घ्या, नाहीतर खालचा खण, असे सांगून पंच पुढे गेले.

हैबत तिच्याकडे सरकला. मग म्हणाला, "केतके, खाली जाऊ नगंस. तू गेलीस तर म्या दुपारचं कुणासंगं बोलावं? त्या मल्लासंगं? त्यो निस्ता मिशीचं बोलतोय."

"मग रंगवून घेऊ का, हैबतदादा?"

"रंगवलास तर त्यो अंगठा गेला. त्येची तेवढीच खूण ऱ्हायलीया आपल्याकडं." त्याने मोडकी टिपरी नगाऱ्यावर उगाच टेकवली. "मला दोन्हीबी नगं. पर मला इचारतंय कोण?"

केतकीने रात्रंदिवस विचार केला नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. हैबतशी बोलता येणार नाही ही गोष्ट तिला सोसवणार नव्हती. गालाचे काय, आठवण मनात राहील, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती कुंचल्याकडे गेली. कुंचला सज्जन होता, पण कामात काटेकोर. त्याने तिचे खोके उन्हाकडे धरले, तिरपे केले आणि हात टेकले.

"अहो, तुमच्या चित्राचाच गाल उडालाय. इतकी वर्षं ऊन खाल्लंय त्यानं. आता कुठला गुलाबी लावू मी? अंदाजानं लावला तर पंच मलाच धरतील. चित्रगावाला जा. ज्या केतकीवरून हे चित्र काढलं ती असल केतकी तिथं आहे. तिचा रंग विचारून या, मग लावतो."

चित्रगाव राज्याच्या टोकाला होते. सगळ्यांची खोकी तिथूनच आलेली, म्हणून लोक त्या दिशेला पाय करून झोपत नसत. केतकी चालत निघाली. वाटेत तिला एकच धास्ती होती की असल केतकी आपल्याला पाहून नाक मुरडेल. तिने ओढणी पाठीपासून सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटली नाही. डावा गाल दिसू नये म्हणून उजवीकडून कसे उभे राहायचे याची तिने चालता चालता तालीम केली.

चित्रगावात कसलीही गजबज नव्हती. एक लांब दालन, पांढरे पडदे, विझलेले मोठे दिवे. सगळे असल पुतळे आपापल्या चौरंगावर उभे होते आणि प्रत्येकाचे तोंड एकाच दिशेला होते. केतकी असल केतकीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिचे भान हरपले. डोळे, भुवया, उडालेली ओढणी, सगळे अगदी चित्रासारखे; भिंतीकडचा गाल तेवढा सावलीत होता. इतके सुंदर आपण कधीच नव्हतो, असे वाटून तिला रडू आले.

"मी तुमच्या गालाचा रंग विचारायला आलेय," ती कशीबशी म्हणाली.

असल केतकीने ते ऐकले की नाही कोण जाणे. ती वाकून केतकीच्या मागे डोकावत होती.

"अगं, तुझ्या पाठीलाही रंग आहे?"

केतकी गोंधळली. मग चौरंगाला वळसा घालून ती मागे गेली. मागे नर्तकी नव्हतीच. कच्ची माती होती, तिच्यात रोवलेला एक लोखंडी खिळा होता, आणि उडणारी ओढणी दोऱ्याने वरच्या कडीला बांधली होती.

"पाठ कुणी बघणार नव्हतं ना," असल केतकी म्हणाली. "एकदा दिवे लागले. सगळे वा वा म्हणाले. मग दिवे गेले, ते आजतागायत. तेव्हा दोन हात आले होते मला उभं करायला, पण त्यांनी मोजे घातले होते." मग तिने हळूच विचारले, "हात कसे असतात गं, मोज्याशिवाय?"

केतकी सांगू लागली. गुळाचा वास सांगितला, खडूचा सांगितला. तांब्यातल्या पाण्यात डोळे चुरचुरतात ते सांगितले, तापाच्या खेळात घाबरायचे नसते ते सांगितले. बोलता बोलता उजवीकडून उभे राहायचे ती विसरून गेली. असल केतकी तिच्या डाव्या गालावरची नजर हलवत नव्हती. दुपार कलली तरी दोघी बोलत होत्या.

निघायची वेळ झाली तेव्हा केतकीला आपले काम आठवले. "तेवढा रंग सांगा ना. गुलाबी म्हणजे नेमका कुठला?"

"रंग होय? तो भिंतीवर आहे बघ. हवा तेवढा खरवडून ने. मला नकोय."

चौरंगालगतची भिंत खरबरीत विटांची होती. गालाच्या उंचीवर तिथे एक गुलाबी डाग पडला होता, रोज थोडा थोडा वाढून तळहाताएवढा झालेला. त्याच्या शेजारी कुठून तरी मिळवून चिकटवलेला एक फोटो होता, वाकडा आणि धूसर. फोटोत ओट्यावर कोणी एक पोर फतकल मारून बसले होते. त्याच्या मुठीत एक बाहुली उलटी लोंबत होती. कोणाची होती कोण जाणे. तिचे नाक उडाले होते, कपाळाचा रंग गेला होता, एक गाल पार पांढरा पडला होता, आणि पोर तोंडभर हसत होते.

खिळा जेवढे वाकू देईल तेवढी असल केतकी भिंतीकडे वाकली. तिने आपला गाल विटांवर दोनदा घासला, फोटोकडे पाहिले, पुन्हा एकदा घासला आणि मग तो केतकीपुढे करून संकोचत विचारले, "बघ ना गं, जुळतंय का थोडं?"