मायाळू माऊस

शाळेत पहिला संगणक आला, त्या काळची गोष्ट. त्याचा माऊस फार मायाळू होता. पडद्यावर चित्र यायचं, खाली तीन शब्द यायचे आणि मुलांनी बरोबर शब्दावर बाण नेऊन टिचकी मारायची, असा खेळ होता. दुसरीतल्या जुईचा हात चुकीकडे वळला, की माऊस गुपचूप बरोबर शब्दाकडे सरकायचा.

"तिचं वाचन तूच करतोस," कीबोर्ड म्हणाला.

"हरली की रडते रे ती."

एकदा शाळेत शिरा होता. स्वयंपाकाच्या वत्सलामावशींनी जुईला साखरेचा डबा आणायला सांगितलं. डब्यांवर नावं होती, तरी तिने मिठाचा आणला आणि गडबडीत मावशींनी तोच ओतला. शिरा कोणालाच खाववेना. हे कळल्यावर माऊस अगदी ओशाळला.

दुसऱ्या दिवसापासून जुईचा हात नेईल तिकडेच तो जाऊ लागला. बाण सारखा चुकायचा. "हा बिघडलाय," म्हणून जुई रडली. मग डोळे पुसून एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली.

पुढच्या वेळी शिऱ्यासाठी डबा तिनेच आणून दिला आणि खाऊन ती तशीच खेळायला आली.

"हात तरी धुवायचे," कीबोर्ड कुरकुरला.

माऊस मात्र खूश होता. मिठाने बोटं इतकी चिकट होत नाहीत.