गोटूचं मातीचं टोपडं

बांधावर एक बीळ. बिळात गवताचं अंथरूण. अंथरुणात एक बाळ.

बाळाचं नाव गोटू. गोटूची आई इटी उंदरीण. इटुकली इटी.

गोटू झाला तेव्हा त्याचं डोकं बोरासारखं होतं. गोल गोल, गुलाबी गुलाबी. इटी त्याची टाळू हुंगायची. हुंऽऽ. दुधाचा वास यायचा.

एकदा आत्यानं टोपडं पाठवलं. पिंपळाच्या कोवळ्या पानाचं. इटीनं गोटूला घातलं.

सर्र. टोपडं घसरलं.

परत घातलं. सर्र. परत घसरलं.

इटीनं गोटूला उचललं. इकडून बघितलं. गोल. तिकडून बघितलं. चपटं.

गोटूचं एका बाजूचं गोल हरवलं होतं.

कुठं गेलं? अंथरुणाखाली बघितलं. नाही. गवतात बघितलं. नाही. बाबांच्या शेपटीखाली बघितलं. तिथंही नाही.

मग इटीच्या लक्षात आलं. बिळाचं तोंड उजवीकडे होतं. उजेड यायचा उजवीकडून. आई यायची उजवीकडून. गोटू पडल्या पडल्या उजवीकडेच बघायचा. आई येईल, आई येईल. बघून बघून डोकं तिथं दबलं.

माझीच वाट बघत होता, इटी मनात म्हणाली. आणि तिला फार वाईट वाटलं.

शेजारची चिचुंद्रीकाकू म्हणाली, राळ्याच्या बारीक दाण्यांची उशी कर. इटीनं केली. पण उंदराच्या घरात राळ्याची उशी! पहिल्या दिवशी बाबांनी एक दाणा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी नुसती खोळ उरली. बाबा म्हणाले, मी फक्त बघत होतो, मऊ आहे का.

मग इटी गेली कासवआजोबांकडे. आजोबा सगळ्यांची बाळं तपासायचे. त्यांनी गोटूच्या डोक्यावरून हात फिरवला. हळू, अगदी हळू. त्यांचं सगळंच हळू. म्हणाले, रोज कूस बदल. जागा असला की पोटावर ठेव. इटीनं महिनाभर तसं केलं. थोडं गोल परत आलं. सगळं नाही आलं.

इटी परत गेली. आजोबा म्हणाले, "आता मातीचं टोपडं घालता येईल. टणक टोपडं. दिवसभर घालायचं, झोपेतसुद्धा घालायचं. दिवसातून एकदाच काढायचं."

"दुखेल का हो?"

"दुखत नाही. पण नवं असतं. चार दिवस रडेल."

"आणि नाही घातलं तर?"

"नाही घातलं तरी गोटू खाईल, पळेल, हसेल. डोकं मात्र थोडं चपटं राहील. घालायचं तर आत्ताच, पोरी. डोकं वाढतंय तोवरच."

"मग घालू का नको?"

आजोबांनी मान आत घेतली. आतूनच म्हणाले, "आई तू आहेस."

घालावं? नको? घालावं? नको? इटीला काही सुचेना. बघू तरी मिळतं का, ती म्हणाली. आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली कुंभारमाशीकडे.

कुंभारमाशी भिंतीवर मातीची मडकी करत होती. इवली इवली, गोल गोल. गूं गूं, गूं गूं.

"माशीताई, माशीताई, टोपडं घडव."

"का गं इटे?"

"गोटूचं डोकं गोल होईना."

"मी नाही घडवत जा. आधी मऊ चिखल आण. खडा राहिला तर बाळाला टोचेल. मऊ चिखल खेकड्याच्या बिळात."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली ओढ्यावर, खेकड्याकडे.

खेकडा काठावर येरझाऱ्या घालत होता. खुडुक खुडुक. आडवाच.

"खेकडेदादा, खेकडेदादा, चिखल दे."

"का गं इटे?"

"माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

"मी नाही देत जा. देऊ कुठून? माझ्या दारावर म्हैस बसलीय. चिखल आत, मी बाहेर. आधी म्हशीला उठव."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली म्हशीच्या नाकापाशी.

फुस्स. म्हशीनं श्वास सोडला. इटी चार कोलांट्या मागे गेली. परत पुढे आली.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ."

"का गं इटे?"

"खेकडा चिखल देईना,
माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

"मी नाही उठत जा. माझ्या कानामागं गोचीड चावते. पाण्यात बसलं की जरा बरं वाटतं. आधी बगळ्याला बोलाव, गोचीड काढू दे."

इटी निघाली. वाटेत चिचुंद्रीकाकू भेटली. कुठं निघालीस, तिनं विचारलं. इटीनं सांगितलं.

"अगं बाई," काकू म्हणाली, "बाळाच्या डोक्यावर मडकं? सगळा बांध हसेल तुला."

इटी थांबली. नकोच टोपडं, म्हणाली. दोन पावलं मागे फिरली. मग तिला ते घसरलेलं पान आठवलं. सर्र. बघू तरी, म्हणाली. दोन पावलं पुढे आली.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बाभळीखाली. बाभळीवर बगळ्याचं घरटं.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, खाली उतर."

"का गं इटे?"

"म्हैस उठेना,
खेकडा चिखल देईना,
माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

"मी नाही उतरत जा. माझ्या पिलाला काटे टोचतात. मी पंख खाली धरलाय, म्हणून झोपलंय. आधी सावरीचा कापूस आण."

इटीनं वर बघितलं. बगळ्याचा पंख काट्यांवर पसरलेला होता. याचं पण बाळच आहे, तिला वाटलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली सावरीच्या झाडाकडे.

"सावरआजी, सावरआजी, कापूस सोड."

"का गं इटे?"

"बगळा उतरेना,
म्हैस उठेना,
खेकडा चिखल देईना,
माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

"मी नाही सोडत जा. माझी बोंडं पिकलीत. कापूस आत दाटलाय. पण हलवायला वारा नको का? आधी वाऱ्याला बोलाव."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली टेकडीवर.

वारा वाळल्या गवतात पडून होता. एक पातं हलत नव्हतं.

"वारेदादा, वारेदादा, सूट."

"का गं इटे?"

"सावर कापूस सोडेना,
बगळा उतरेना,
म्हैस उठेना,
खेकडा चिखल देईना,
माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

वारा म्हणाला, "मी नाही सुटत जा."

"का रे दादा?"

"सकाळी तू म्हणालीस, घालू टोपडं. मी निघालो. काकू भेटल्यावर म्हणालीस, नको टोपडं. मी मागे फिरलो. घालू म्हणालीस, पुढे गेलो. नको म्हणालीस, मागे आलो. दमलो बघ मी. मला एका वेळी एकाच बाजूला वाहता येतं, इटे. तू आधी एक बाजू धर."

इटी म्हणाली, कासवआजोबांना विचारून येते. वारा म्हणाला, त्यांना जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. इटी म्हणाली, बाबांना विचारून येते. वारा म्हणाला, ते म्हणतील, तू म्हणशील तसं.

खरंच होतं ते. ते तसंच म्हणायचे.

इटी घरी निघाली. या वेळी तुरुतुरु नाही. हळू. टप. टप. टप.

गोटू अंथरुणात होता. उजवीकडे बघत होता. आई दिसली. गोटू हसला.

इटी त्याच्याजवळ बसली. त्याला सगळं सांगितलं.

"वारा सुटेना,
सावर कापूस सोडेना,
बगळा उतरेना,
म्हैस उठेना,
खेकडा चिखल देईना,
माशी टोपडं घडवेना,
गोटूचं डोकं गोल होईना."

पण सगळ्यांच्या आधी अजून एकजण होतं. तिनं ते पण सांगितलं. अगदी हळू आवाजात.

"आई ठरवेना."

गोटूनं आईची मिशी पकडली.

"तू रडशील रे," इटी म्हणाली. गोटूनं मिशी ओढली. "सगळे हसतील." गोटूनं अजून ओढली. "आणि मला तुझी टाळू हुंगता येणार नाही." हे तिनं आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती गोटूकडे बघत राहिली. आज नको, उद्या बघू म्हटलं, तरी डोकं काही थांबणार नव्हतं. ते वाढतच होतं. आत्ता, मिशी ओढता ओढतासुद्धा वाढत होतं.

दिवसातून एकदा काढायचं असतं ना? तिनं विचार केला. मग तेव्हा हुंगीन. दिवसभराचं एकदम.

"घालायचं," इटी म्हणाली.

परत स्वतःलाच विचारलं. घालायचं? घालायचं.

सूंऽऽऽ.

आईनं ठरवलं,
वारा सुटला,
सावरीनं कापूस सोडला,
बगळा उतरला,
म्हैस उठली,
खेकड्यानं चिखल दिला,
माशीनं टोपडं घडवलं,
आणि गोटूचं डोकं...

थांबा. डोकं लगेच गोल नाही झालं. डोक्याला वेळ लागतो.

माशीनं गवताच्या काडीनं डोक्याचं माप घेतलं. गूं गूं. मऊ चिखल थापला. उन्हात वाळवला. इटीनं आतून कापूस लावला. बगळ्याच्या पिलाला पुरून एक पुंजका उरला होता, तोच.

इटीनं ते गोटूला घातलं आणि आत बोट घालून बघितलं. चपट्या बाजूला टोपडं डोक्याला लागतच नव्हतं. तिथं जागा मोकळी होती.

"ताई, ही जागा अशीच राहिली का?"

"राहिली नाही, मी ठेवलीय. डोकं वाढत वाढत तिथं येईल," माशी म्हणाली. "टोपडं डोक्याला दाबत नाही, इटे. नुसती जागा धरून बसतं."

पहिल्या दिवशी गोटू रडला. दुसऱ्या दिवशी पण रडला. इटीचा हात चार वेळा टोपड्याकडे गेला. चार वेळा तिनं तो मागे घेतला. तिसऱ्या दिवशी गोटूचं डोकं भिंतीला लागलं.

टण.

गोटू गप्प झाला. त्यानं मुद्दाम डोकं लावलं. टण. हसला. टण टण टण. चिचुंद्रीकाकूची पोरं बघायला आली. आम्हाला पण मडकं, आम्हाला पण टण, म्हणत काकूच्या मागे लागली. काकू आठवडाभर बांधावर दिसली नाही.

इटीनं अंथरूण पण फिरवलं. आता आई डावीकडून यायची.

रोज सकाळी टोपडं काढायची. घाम पुसायची. आणि हुंगायची. हुंऽऽ. दुधाचा वास, आणि थोडा मातीचा. मग परत टोपडं.

सावरीच्या बोंडांतला सगळा कापूस उडून गेला. तेव्हा कासवआजोबा स्वतः चालत आले. सकाळी निघाले, संध्याकाळी पोचले. गोटूच्या डोक्यावरून हात फिरवला. हळू, अगदी हळू.

"आता काढ," आजोबा म्हणाले.

"मी आपलं जन्मभराचं घातलंय," त्यांनी पाठीकडे मान वळवली. "याचं झालं."

इटीनं टोपडं काढलं. इकडून बघितलं. गोल. तिकडून बघितलं. गोल. अगदी बोरासारखं नाही. पण गोल.

मग तिनं आत्याचं टोपडं आणलं. पिंपळाच्या पानाचं. गोटूच्या डोक्यावर ठेवलं. ते आता लहान झालं होतं. कानापर्यंत आलंच नाही.

पण घसरलं नाही. मधोमध बसलं. टुक.

मातीच्या टोपड्याचं काय झालं? इटीनं त्यात राळे भरून ठेवले. बाबा म्हणाले, मी फक्त बघतो, मऊ आहेत का.

टोपडं उतरलं डोक्यावरून,
गोष्ट उतरली जिभेवरून.
आता डोळे मीट, सोन्या. काल त्या कुशीवर झोपलास, आज या कुशीवर झोप. मी इकडे बसलेय.