गजाभाऊंच्या दोन लेन्स

लोक ठेवणीतले कपडे घालून फोटो काढायला जायचे, त्या काळची गोष्ट. फोटोग्राफर गजाभाऊंच्या पेटीत दोन लेन्स राहायच्या, एक आखूड, जवळून टिपणारी, एक लांब, दुरून टिपणारी. आखूड लेन्स टोमणे मारायची, "तू बाई शिष्ट. माया असली की जवळ जावंच लागतं."

एकदा वर्षभराच्या बाळाचा फोटो आजोळी पाठवायचा होता. आजीनं त्याला अजून पाहिलं नव्हतं. आखूड लेन्स हट्टानं पुढे झाली, पार बाळाच्या तोंडाशी गेली. काचेत नाक बटाट्याएवढं दिसू लागलं, आणि बाळानं भोकाड पसरलं. 

गजाभाऊंनी मग लांब लेन्स लावली नि दारापर्यंत मागे सरकले. बाळ आईच्या बांगड्यांशी खेळू लागलं, खुदकन हसलं. फोटो झाला.

"एवढ्या लांबून कसं गं जमलं तुला?" आखूड लेन्सनं विचारलं.

"मी आहे हे ते विसरलं, म्हणून हसलं."